नर्सिंग थिअरी वॉर्डात कुठे उपयोगी पडते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीएनएम डिप्लोमा, बी.एस्सी. आणि पोस्ट बेसिक या नर्सिंग अभ्यासक्रमांचे विद्यार्थी, वॉर्डातल्या सिस्टर आणि ब्रदर, शिवाय नव्याने ट्यूटर झालेले यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. परीक्षेपुरत्या व्याख्या कुठल्याही गाइडमध्ये मिळतात, म्हणून इथे भर वॉर्डातल्या कामावर आहे. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तर तो प्रश्न क्रमांक दिला आहे.

१. रुग्णसेवा तर हातांनी करायची. तिला थिअरी कशाला लागते?

उजवी बाजू लुळी पडलेला साठीतला पेशंट मेडिसिन वॉर्डात आला. डॉक्टरांचं लक्ष सीटी स्कॅन, रक्तदाब आणि गुठळीकडे. सिस्टरने काय बघायचं? गिळता येतंय का, कूस किती वेळाने बदलायची, बोलता येत नाही म्हणून तो चिडतोय का, घरी घास कोण भरवणार, घरात कमावता तोच होता का. हे सगळं महत्त्वाचं आहे, पण सगळं एकदम बघता येत नाही. आधी कुठे बघायचं आणि सुधारणा कशाला म्हणायचं हे ठरवणारी विचारांची चौकट म्हणजे थिअरी. माणूस, त्याचं पर्यावरण, आरोग्य आणि नर्सिंग या चार गोष्टींबद्दल प्रत्येक मोठी थिअरी काही ना काही भूमिका घेते.

चौकट नसली की सिस्टर डॉक्टरांच्या ऑर्डरची यादी पुरी करते, आणि यादीत नसलेलं राहून जातं. घास कोण भरवणार हे त्या यादीत कधीच नसतं.

२. नर्सिंग प्रोसेस आणि नर्सिंग थिअरी एकच ना?

नाही. असेसमेंट, डायग्नोसिस, प्लॅनिंग, इम्प्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन हे प्रोसेसचे टप्पे. असेसमेंट करा, एवढंच प्रोसेस सांगते. पेशंटला काय विचारायचं ते थिअरी सांगते. व्हर्जिनिया हेंडरसन यांच्या चौदा गरजा धरल्या तर सुरुवात श्वास आणि खाण्यापिण्यापासून होते, पण यादी काम, करमणूक, श्रद्धा आणि शिकण्यापर्यंत जाते. ओरेम यांची स्वतःच्या काळजीची (सेल्फ-केअर) थिअरी धरली तर पहिला प्रश्नच वेगळा असतो (प्रश्न ५).

इडा जीन ऑर्लँडो यांनी १९६१ मध्ये मांडलेला मुद्दा इथे फार कामाचा आहे: पेशंटकडे बघून तुमच्या मनात जे येतं ते त्याच्याकडून पडताळून घ्या. ऑपरेशननंतरचा पेशंट कण्हतोय म्हणून ‘दुखतंय’ असं धरून इंजेक्शन भरायला जाऊ नका, आधी विचारा. लघवी तुंबलेली असू शकते.

३. नाइटिंगेलने खरंच थिअरी लिहिली होती का?

त्या नावाने नाही. ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे तिचं पुस्तक १८५९ चं. त्यातल्या विचारांना ‘पर्यावरण थिअरी’ हे नाव पुढच्या अभ्यासकांनी दिलं. शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, स्वच्छता आणि उजेड हे निरोगी घराचे तिने सांगितलेले पाच मुद्दे आजही पाठ करून घेतले जातात.

पाठांतरात एक गोष्ट हरवते. नाइटिंगेलबाईंचं मत आकड्यांवरून पक्कं झालं. क्रिमियन युद्धात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात सैनिक जखमांपेक्षा रोगांनीच जास्त मरत होते. मार्च १८५५ मध्ये सॅनिटरी कमिशन आलं, गटारं साफ झाली, हवा खेळती झाली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. त्याचा पूर्ण अर्थ तिला उमगला तो इंग्लंडला परतल्यावर, संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्याबरोबर आकडे मांडताना. हिंदुस्थानात ती कधी आली नाही. तरी इथल्या सैन्याच्या आरोग्यावरच्या रॉयल कमिशनचा १८६३ चा अहवाल घडवण्यात तिचा मोठा वाटा होता, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता.

आजच्या वॉर्डात ही थिअरी कुठे दिसते? रात्री आयसीयूत अलार्म आणि गप्पांचा आवाज किती आहे ते बघा. अनावश्यक आवाज म्हणजे काळजीचा सगळ्यात क्रूर अभाव, असं तिने त्याच पुस्तकात बजावलं होतं.

४. इतक्या थिअऱ्यांपैकी कुठल्या नीट माहीत असाव्यात?

सगळ्या नाहीत. एम.एस्सी.ला त्या खोलात जाऊन शिकायच्याच आहेत. त्याआधी आपल्या पोस्टिंगप्रमाणे धरा: मधुमेह, डायलिसिससारख्या जुनाट आजाराला ओरेम, अवयव किंवा भूमिका अचानक गमावलेल्याला रॉय, सायकियाट्रीत पेपलाऊ, बाळंतिणींच्या वॉर्डात लेनिंगर, कम्युनिटीत बेटी न्यूमन (ताणापासून संरक्षण) किंवा नोला पेंडर (आरोग्यवर्धन), वेदना आणि शेवटच्या दिवसांसाठी कोलकाबा (आराम). माणसाला ऊर्जाक्षेत्र मानणाऱ्या मार्था रॉजर्स वाचून डोकं चक्रावलं तर वाईट वाटून घेऊ नका, अनेकांचं चक्रावतं.

५. ओरेमची थिअरी प्रत्यक्ष पेशंटवर कशी दिसते? एक उदाहरण द्या.

डोरोथिया ओरेम यांचं मुख्य पुस्तक १९७१ चं. मूळ प्रश्न साधा आहे: स्वतःची काळजी घ्यायला या माणसाला आत्ता काय काय करावं लागतं, त्यातलं त्याला काय जमतं, आणि उरलेली तूट किती? ती तूट भरणं म्हणजे नर्सिंग. तूट पूर्ण असेल तर सिस्टर सगळं करते, अर्धवट असेल तर दोघं मिळून करतात, आणि माहिती किंवा सराव एवढीच कमी असेल तर सिस्टर शिकवते आणि पाठीशी राहते.

पायाचं बोट काढावं लागलेला मधुमेही सर्जिकल वॉर्डात आहे. ऑपरेशनच्या दिवशी त्याचं जवळजवळ सगळं सिस्टरकडे. दोन-तीन दिवसांत तोंड धुणं, वरचं अंग पुसणं तो करतो, ड्रेसिंग सिस्टर करते. डिस्चार्जच्या आधी त्याला इन्सुलिन टोचता आलं पाहिजे. इथे बहुतेक केअर प्लॅन ‘नॉलेज डेफिसिट’ (माहिती कमी) लिहून मोकळे होतात. ओरेम तिथे थांबू देत नाही. टोचता का येत नाही? सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत? हात थरथरतो? सुईची भीती वाटते? की महिन्याचं इन्सुलिन परवडत नाही? चारही वेळा पेशंट ‘नाही जमत’ एवढंच म्हणतो, आणि चौघांसाठी करायचं काम वेगळं असतं. पहिल्याला नेत्रविभाग दाखवायचा, चौथ्याला समाजसेवा अधीक्षकांकडे पाठवायचं.

शिकवताना सिरिंज हातात द्या. मिलीलिटरला ४० युनिट असलेल्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० युनिटला केशरी. १०० युनिटचं इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं तर डोस अडीचपट होतो. त्याने स्वतः भरून दाखवल्याशिवाय ‘हेल्थ एज्युकेशन दिलं’ असं लिहू नका. घरी फ्रिज नसेल तर बाटली ओल्या मडक्यात कशी ठेवायची आणि तळपाय आरशात कसा बघायचा, हेही त्याच यादीत. हे सगळं डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यावर पाच मिनिटांत उरकत नाही, तिसऱ्या दिवसापासून सुरू करावं लागतं.

६. आपल्याकडे पेशंटचं सगळं नातेवाईकच करतात. मग ‘सेल्फ-केअर’ कुठे बसवायची?

ओरेम यांच्या मांडणीत दुसऱ्याची काळजी घेणाऱ्यालाही जागा आहे. लहान मूल किंवा परावलंबी माणूस असेल तर काळजी घेणाऱ्याची क्षमता आणि त्याची तूटही बघायची. आपल्या वॉर्डात हा भाग मुख्य होतो, कारण खाटेशी दिवसरात्र कुणीतरी बसलेलं असतंच.

म्हणून असेसमेंटमध्ये त्या माणसाचंही नाव हवं. सासऱ्यांना इन्सुलिन सून देणार असेल तर सिरिंज सुनेच्या हातात द्यायची. आणि ती माहेरी गेली तर कोण, हे तिथेच ठरवायचं. बाबा स्वतः शिकायला तयार आहेत की ‘ते बायकांचं काम’ म्हणतात, हेही नोंदवा. मला विचाराल तर आपल्याकडे सगळ्यात जास्त तूट इथे असते, आणि फॉर्ममध्ये तिच्यासाठी रकानाच नसतो.

याची दुसरी बाजूही आहे. नातेवाईक आहे म्हणून रायल्स ट्यूबचं (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीचं) फीड त्याच्यावर सोपवून सिस्टर मोकळी होत नाही. ट्यूब जागेवर आहे ना हे बघायचं सिस्टरनेच. डोक्याकडची बाजू वर ठेवणं, फीड हळू सोडणं, खोकला किंवा धाप लागली तर लगेच थांबणं हे त्याला शिकवायचं आणि समोर करून घ्यायचं. जबाबदारी नोंदवहीत तुमच्याच सहीची राहते.

७. प्रसूती वॉर्डात आजी बाळाला मध चाटवतात. ओरडलं तर गुपचूप चाटवतात. लेनिंगर काय सांगतात?

मॅडेलिन लेनिंगर यांनी १९६० च्या दशकात पापुआ न्यू गिनीतल्या गॅडसुप लोकांमध्ये राहून अभ्यास केला. काळजी म्हणजे काय, याचं उत्तर प्रत्येक समाजात वेगळं असतं, असं त्यांचं म्हणणं. कामासाठी त्यांनी तीन वाटा दिल्या: चांगलं ते जपायचं, मधलं ते जुळवून घ्यायचं, घातक ते बदलायला मदत करायची. तिन्ही आपल्या वॉर्डात रोज लागतात.

डिंकाचे-आळिवाचे लाडू, सव्वा महिन्याची विश्रांती, बाळाला दुपट्यात गुंडाळणं हे जपायचं. लाडवांवर नाक मुरडणारी सिस्टर पुढचं काही सांगण्याचा हक्क तिथेच गमावते.

बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, ही समजूत जुळवून घेण्यातली. ‘भरपूर पाणी प्या’ म्हणून उपयोग नाही. उकळून कोमट केलेलं, हवं तर ओवा किंवा बडीशेप घातलेलं पाणी घरच्यांना चालतं आणि आईच्या पोटातही जातं. सिझेरियनमुळे पाचवीची पूजा वॉर्डातच आली तरी तेच. ऑक्सिजन चालू असतो म्हणून दिवा लावता येणार नाही, पण सटवाईसाठी कोरा कागद आणि पेन उशाशी ठेवायला कुणाची हरकत असायचं कारण नाही.

मध, गुटी, चीक (आईचं पहिलं घट्ट दूध) पिळून टाकणं, नाकाकानात तेल सोडणं आणि बंद खोलीत शेगडी ठेवणं हे बदलायचं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम होऊ शकतो, आणि कोंडलेल्या खोलीतल्या निखाऱ्यांमुळे कार्बन मोनॉक्साइड साठतो. पण सुरुवात मनाईने करू नका. ‘आजी, तुमच्याकडे बाळाला पहिलं काय देतात?’ असं प्रसूतीच्या आधीच विचारा. मध देण्यामागे बाळाचं तोंड गोड व्हावं, पहिला मान घरातल्या वडीलधाऱ्यांचा असावा, ही इच्छा असते. तो मान दुसरीकडे देता येतो: बाळ पहिल्यांदा आईच्या छातीशी लावताना आजींना सोबत घ्या, चीक का मोलाचा ते त्यांनाच सांगा आणि राखणही त्यांच्याकडेच द्या. राखणीला बसलेल्या आजी सहसा दुसऱ्या कुणाला मध चाटवू देत नाहीत.

८. रॉय आणि ओरेम यांत गोंधळ होतो. फरक एका वाक्यात सांगा.

ओरेम विचारतात ‘याला काय करता येत नाही?’ आणि सिस्टर कॅलिस्टा रॉय विचारतात ‘झालेल्या बदलाशी हा कसा जुळवून घेतोय?’

एक वाक्य झालं, पण उदाहरणाशिवाय ते टिकणार नाही. कोलोस्टोमी झालेली (शौचासाठी पोटावर छिद्र, म्हणजे स्टोमा, करून पिशवी लावलेली) बाई पिशवी उत्तम बदलते. ओरेमच्या हिशोबात तूट संपली. रॉय यांच्या १९७० पासूनच्या मॉडेलमध्ये चार बाजू बघतात: शरीर, स्वतःबद्दलची प्रतिमा, घरातली-समाजातली भूमिका आणि जवळच्यांशी नातं. मग कळतं की ती देवघरात जात नाही, स्वयंपाकाला हात लावत नाही, वेगळी झोपते. समोरचं कारण स्टोमा. त्याभोवतीची परिस्थिती म्हणजे दोन खोल्यांचं घर आणि एकच संडास. आणि त्याखाली दडलेलं, तिने कधी न बोललेलं, लहानपणापासूनचं सोवळंओवळं. हे तीन थर रॉय यांनी वेगळे काढले आहेत. तिसरा थर चार्टवरून कळत नाही, ड्रेसिंग करताना गप्पांतून कळतो.

९. सायकियाट्री पोस्टिंगमध्ये पेशंट बोलू लागतो आणि आमची पोस्टिंग संपते. पेपलाऊ याबद्दल काय म्हणतात?

हिल्डगार्ड पेपलाऊ यांचं पुस्तक १९५२ चं. सिस्टर आणि पेशंट यांचं नातं हेच उपचाराचं साधन, असं त्यांनी मांडलं. नात्याला सुरुवात असते, मधलं काम असतं आणि शेवटही असतो. तो शेवट पहिल्याच दिवशी सांगायचा असतो: ‘मी अमुक तारखेपर्यंत येणार आहे.’ येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं राहिलेल्या पेशंटने विद्यार्थ्यांच्या कितीतरी बॅच येताना-जाताना पाहिलेल्या असतात. न सांगता गायब होणारी आणखी एक ‘सिस्टर’ त्याला परवडत नाही. शेवटच्या आठवड्यात नवं जिव्हाळ्याचं काही उकरू नका.

१०. केअर प्लॅनमध्ये थिअरी खरंच वापरली आहे की नुसती चिकटवली आहे, हे कसं ओळखायचं?

थिअरीचं नाव खोडा आणि प्लॅन पुन्हा वाचा. काहीच बदललं नाही, तर ती चिकटवलेली होती. पहिल्या पानावर ओरेमचा आराखडा सुबक काढलेला, आणि आत ‘व्हायटल्स चेक केले, औषधं दिली, धीर दिला’. प्रॅक्टिकल फाइल तपासणाऱ्यांना हे रोज दिसतं.

वापरलेली थिअरी ओव्हर देतानाही (पुढच्या पाळीला पेशंट सोपवताना) ऐकू येते. ‘बेड नंबर सात, स्टेबल, रात्री झोपले’ ही एक ओव्हर. ‘बेड नंबर सात, आज खुर्चीत बसून स्वतः जेवले, डाव्या हाताने, इन्सुलिन भरताना रेघा दिसत नाहीत म्हणाले, मुलाला संध्याकाळी बोलावलंय’ ही दुसरी. ओरेमचं नाव दोन्हीत नाही. दुसरीत ती आहे.

११. एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असतो. थिअरीला वेळ कुठून आणायचा?

रिकाम्या जागा थिअरीने भरत नाहीत. कमी मनुष्यबळात ‘रुग्णकेंद्री सेवा द्या’ म्हणून परिपत्रक काढणाऱ्यांना हे ठणकावून सांगायला हवं.

तरी वेळ नसतो तेव्हाच प्राधान्य ठरवावं लागतं, आणि त्यासाठी चौकट लागते. ब्रेडन स्केल घ्या. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी ते १९८७ मध्ये प्रसिद्ध केलं. बेडसोअर (पडून राहिल्याने होणारी जखम) का होतो याचा वैचारिक आराखडा आधी मांडला गेला आणि त्यातून सहा मुद्दे निघाले: संवेदना, ओल, हालचाल, चालणं-फिरणं, आहार आणि घासलं जाणं. गुण ६ ते २३, जितके कमी तितका धोका जास्त. सगळ्यांची कूस दोन तासांनी बदलणं शक्य नसेल तर आधी कुणाची, हे त्यावरून ठरतं. म्हणजे नाव न घेता तुम्ही थिअरी वापरतच आहात.

१२. एकाच पेशंटला दोन थिअऱ्या लावल्या तर एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) मार्क कापतील का?

परीक्षेत एकच धरा, कारण तिथे तुमची मांडणी किती पक्की आहे ते बघतात. वॉर्डात दोन चालतात, मात्र प्रत्येकीचं काम ठरलेलं असावं. मुख्य चौकट ओरेमची आणि वेदनेपुरती कोलकाबा, हे ठीक. एका रकान्यात रॉयच्या चार बाजू आणि त्याखाली न्यूमनच्या संरक्षणरेषा, हे नको. माणूस म्हणजे काय, यावरच त्या दोघींची मांडणी वेगळी आहे.

१३. थिअरी एक सांगते आणि नवं संशोधन दुसरं. कुणाचं ऐकायचं?

कृती कशी करायची याबाबत पुराव्याचं. त्वचा सांभाळणं हे नर्सिंगचं काम, एवढं थिअरी सांगते. लाल पडलेल्या जागी स्पिरिट आणि पावडर लावून जोराने चोळणं ही त्याची जुनी रीत होती; त्याने खालच्या पेशींना इजा होते म्हणून आता ते करू नका असं सांगतात. रीत गेली, हेतू राहिला. नाइटिंगेलचंही तसंच: ती बराच काळ दूषित हवेलाच दोष देत होती, तरी स्वच्छतेचा तिचा आग्रह जंतुशास्त्र आल्यावरही टिकला.

पण काही प्रश्नांना आकड्यांत उत्तर नसतं. बार्बरा कार्पर यांनी १९७८ मध्ये नर्सिंगमधलं ज्ञान चार प्रकारचं असल्याचं मांडलं: शास्त्रीय, नैतिक, स्वतःच्या ओळखीतून आलेलं आणि सेवेच्या कलेतलं. पेशंटला कॅन्सर झाल्याचं सांगू नका, असं नातेवाईक विनवतात तेव्हा पहिला प्रकार एकटा पुरत नाही.

१४. बेनरची थिअरी पेशंटबद्दल नाहीच. मग ती कशाला शिकायची?

ती सिस्टरबद्दल आहे, म्हणूनच. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिकी ते तज्ज्ञ असे पाच टप्पे मांडले; मूळ मॉडेल ड्रायफस बंधूंचं. त्यातली अडचणीची बाब अशी की टप्पा माणसाला कायमचा चिकटत नाही. पंधरा वर्षं ऑर्थोत काढलेली सिस्टर एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) बदलून आली की काही काळ ती पुन्हा नियम बघून काम करणारी असते. ‘सीनियर आहे, जमेल’ म्हणून पहिल्याच रात्री तिच्यावर एकटीवर वॉर्ड टाकणाऱ्या इन्चार्जनी हे वाचावं.

१५. पेशंटला स्वतः करता येतं, पण तो करायचं नाही म्हणतो. ओरेमप्रमाणे त्याला भाग पाडायचं का?

आधी ‘नाही’ कुठून येतंय ते बघा. बोट गेल्याचं दुःख असेल तर रॉयकडे वळा (प्रश्न ८). दिवसेंदिवस जेवण, झोप, बोलणं कमी होत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते नैराश्य असू शकतं. मुलाने करावं ही अपेक्षा असेल तर प्रश्न ६.

आणि पेशंट शेवटच्या दिवसांत असेल तर भाग पाडू नका. स्वावलंबन हे तिथे उद्दिष्ट नसतं. हेंडरसन यांच्या व्याख्येतही सिस्टरच्या कामात आरोग्याबरोबर शांत मृत्यूला मदत करणं आहे. अशा वेळी कॅथरीन कोलकाबा यांचे प्रश्न हाताशी ठेवा: आत्ता कशापासून सुटका हवी, कशाने स्वस्थ वाटेल, आणि हे शरीर, मन, माणसं, खोली यांतल्या कुठल्या बाजूने देता येईल? तोंड कोरडं पडतंय तर ओला बोळा फिरवणं, डोळ्यांवर येणारा दिवा बंद करणं, भेटीची वेळ संपली तरी धाकट्या मुलीला थांबू देणं. केअर प्लॅनमध्ये हेही नीट लिहा, म्हणजे रात्रपाळीची सिस्टर त्या मुलीला बाहेर काढणार नाही.